तार निघाली, तरी दात का सरकतात?

दातांवरची तार निघाली, की वाटते, सुटलो एकदाचे! पण मित्रांनो, दात भिंतीतल्या खिळ्यासारखा हाडात ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. तारेच्या दाबाने एका बाजूचे हाड शोषले जाते, दुसऱ्या बाजूला नवे तयार होते आणि दात सरकतो. हाडासारखी टणक वस्तू अशी वाट देते, ही गंमतच आहे! मुळाभोवतीचे तंतू तीन-चार महिन्यांत नव्या जागेशी जुळवून घेतात. हिरडीतले तंतू मात्र मोठे हट्टी! ताणलेल्या रबरासारखे ते वर्षभरसुद्धा दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात.

म्हणूनच दंतवैद्य रिटेनर देतात. पुढे तो फक्त रात्री घातला तरी चालतो, पण कधी, हे त्यांनीच ठरवायचे. मध्येच कंटाळा केलात आणि रिटेनर घट्ट बसू लागला, तर दात सरकले असे समजा. मग जबरदस्ती न करता लगेच दंतवैद्यांना दाखवा. रिटेनर गार पाण्याने, मऊ ब्रशने धुवावा. कढत पाण्याने प्लॅस्टिक वाकडे होते. जेवताना तो डबीतच ठेवा. कागदात गुंडाळलेला रिटेनर खरकट्याबरोबर केरात जायला वेळ लागत नाही!