शोभेची झुडपे, बुरशीरोग आणि लेक्टिने

मुळशी तालुक्यातील हिंजवडी हे मूळचे शेतीचे गाव. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानामुळे त्याचा कायापालट झाला आणि कार्यालये, वसाहती व शाळा यांच्या आवारांतील शोभेच्या झुडपांना महत्त्व आले. या भागात पावसाळ्यात पाने दीर्घकाळ ओली राहिली की गुलाबावर काळे ठिपके पडतात. हिवाळ्यात भुरी येते. तथापि, एकाच वाफ्यातील एक जात रोगाने निष्पर्ण होते, तर दुसरी तग धरते. हा फरक वनस्पतीच्या अंगभूत संरक्षणव्यवस्थेमुळे पडतो. लेक्टिने हा या व्यवस्थेचा एक घटक मानला जातो.

विशिष्ट शर्करा ओळखून तिला चिकटणारे प्रथिन म्हणजे लेक्टिन. एरंडीच्या बियांतील असे द्रव्य रक्तपेशींच्या गुठळ्या करते, हे १८८८ मध्ये स्टिलमार्क यांनी दाखविले. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही लेक्टिनांचा अभ्यास झाला आहे.

भुरी व काळे ठिपके यांच्या बुरशींच्या पेशीभित्तीत कायटिन हा शर्करायुक्त पदार्थ असतो. काही लेक्टिने त्यास चिकटतात. नेटल या खाजऱ्या वनस्पतीतील लेक्टिनाने काही बुरशींची वाढ रोखल्याचे १९८९ मध्ये प्रयोगशाळेत आढळले. गव्हाच्या अंकुरातील लेक्टिनाविषयी १९७५ मध्ये असाच निष्कर्ष निघाला होता; परंतु तो परिणाम नमुन्यात मिसळलेल्या, कायटिन तोडणाऱ्या विकराचा असावा, असे पुढे दिसून आले. शिवाय केवडा रोगाच्या जंतूची भित्ती प्रामुख्याने बीटा-ग्लुकान व सेल्युलोज यांची असल्याने तेथे कायटिनला चिकटणारे लेक्टिन फारसे उपयोगी पडणार नाही. यास्तव रोगाचे अचूक निदान प्रथम हवे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. एरंडी व गुंज यांच्या बियांतील लेक्टिने अत्यंत विषारी आहेत. 'नैसर्गिक औषध' म्हणून त्यांचा अर्क काढून फवारण्याचा प्रयोग शाळेत वा घरी कदापि करू नये.

लेक्टिनांचे संशोधन वाफ्यापर्यंत पोहोचेपर्यंत उपाय साधेच आहेत. लागवडीसाठी रोगप्रतिकारक जाती निवडाव्यात. दोन झुडपांत हवा खेळती ठेवावी. पाणी सकाळी व मुळाशी द्यावे. रोगट पाने गोळा करून नष्ट करावीत. छाटणीनंतर कापांवर बोर्डो पेस्ट लावावी. बुरशीनाशक शिफारशीनुसारच वापरावे. झाडाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीस अशी जोड मिळाल्यास सार्वजनिक बागांवरील फवारणीचा खर्च वाचेल आणि तेथे खेळणाऱ्या मुलांचा विषारी औषधांशी येणारा संपर्कही टळेल.