उघड्या फ्रेमचा पावसाळा

रंग खरवडून सायकलची फ्रेम उघडी ठेवायची हौस आहे ना, पोरा, तर ठेव. नुसत्या पोलादाची चकाकी मलाही आवडते. पण मग फडका कायम जवळ बाळग. कापूरहोळात जूनपासून चार महिने हवाच ओली. दमटपणा साठ टक्क्यांच्या वर गेला की थेंबही अंगावर न पडता पोलाद गंजायला लागतं. वरंध घाटाच्या अंगाला गेलास तर विचारूच नको.

आधी फ्रेमला लोहचुंबक लावून बघ. चिकटलं तर पोलाद. ॲल्युमिनियमला ते चिकटत नाही. ॲल्युमिनियमवर हवेनेच एक पातळ, घट्ट थर धरतो आणि तोच त्याला राखतो. पोलादाचा गंज तसा राखत नाही. तो फुगतो, पापुद्रे सुटतात, खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. म्हणून दोघांची निगा वेगळी. ॲल्युमिनियमला कॉस्टिक सोडा लावशील तर धातूच खाऊन टाकेल. त्यावर तारेची घासणीही नको, तिचे बारीक कण रुतून बसतात आणि मग तेच गंजतात.

पोलादावर क्लिअर लॅकर मारून घे असं सगळे सांगतील. मी सांगणार नाही. लॅकरला एक ओरखडा पडला की ओल आत शिरते आणि थराखालून केसासारख्या नागमोडी रेघा पसरत जातात. त्या दिसतात, पण फडका तिथवर पोचत नाही. त्यापेक्षा गाडीला लावतात ते मेणाचं पॉलिश बरं. पावसाळ्यात दर आठवड्याला हात फिरव. तांबूस डाग दिसला तर चिंचेच्या कोळाने घास, आंबटाने गंज सुटतो. मात्र लगेच साबणाने धू, कोरडं कर आणि तेलाचा हात दे. ओलं ठेवलंस तर तासाभरात नवा गंज चढतो.

पण बाहेरचा गंज दिसतो तरी. माझी काळजी आतल्या गंजाची आहे. नारायणपूरच्या रस्त्याने पावसात सासवडपर्यंत जाऊन आलास की सीटच्या नळीतून पाणी उतरतं आणि खाली पायडलच्या एक्सलपाशी साठतं. हलक्या फ्रेमची नळी मधे एक मिलिमीटरहूनही पातळ असते, ती आतून खाल्ली गेली तर बाहेरून पत्ताच लागत नाही. म्हणून भिजून आल्यावर सीट काढ, सायकल उलटी कर, रात्रभर तशीच राहू दे. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, एक्सल काढून नळ्यांमधे उकळलेलं जवसाचं तेल सोड. फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरव, जास्तीचं तेल गाळून घे. ते सुकून आत पातळ पापुद्रा धरतं. तेलाचे फडके मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. जवसाचं तेल सुकताना तापतं, बोळा आपोआप पेट घेतो. फडके पसरून वाळव, नाहीतर पाण्यात बुडव.

पोलादाच्या फ्रेममधे ॲल्युमिनियमचा सीट पिलर असेल तर ग्रीस लावल्याशिवाय घालू नकोस. दोन वेगळे धातू आणि मधे पाणी, एवढं पुरतं. ॲल्युमिनियम गंजून फुगतं आणि पिलर असा जाम बसतो की शेवटी कापावा लागतो. पावसाळ्यात महिन्याला एकदा काढून पुसून पुन्हा घाल.

कात्रजचा घाट चढताना दांडीवर घाम ठिबकतो. घामात मीठ असतं, आणि पावसाच्या पाण्यापेक्षा ते वाईट. घरी आल्याबरोबर साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने दांडी पुस, मग कोरड्याने. कॅरियरवरून युरियाचं किंवा खताचं पोतं आणलंस तर सांडलेला दाणा न् दाणा धुऊन काढ.

आणि सायकल गोठ्यात लावू नकोस. तारांची निपलं पितळेची असतात. गोमूत्रातून सुटणारा अमोनिया ताणाखालच्या पितळेला तडे पाडतो. इंग्रजांच्या फौजेने हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमधे काडतुसं ठेवली होती, त्यांची पितळी टरफलं अशीच तडकली. कारण बऱ्याच वर्षांनी कळलं. पडवीत, भिंतीपासून हातभर लांब, वारा लागेल अशी लाव. वर गोणपाट टाकू नकोस, ते ओल धरून बसतं. झाकायचीच तर जुनं सुती धोतर टाक आणि ऊन पडलं की तेही काढ.