खाटेवरची ती चिठ्ठी काढायला लावा

प्रश्न : शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत माझा भाऊ एचआयव्हीबाधित असल्याचं कळलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या खाटेला तशी चिठ्ठी लावली. भेटायला आलेल्या नातेवाइकांनी ती वाचली. ‘कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी हे करावंच लागतं,’ असं रुग्णालय म्हणतं. ते बरोबर आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : अजिबात नाही. हातमोजे, सुयांची योग्य विल्हेवाट, निर्जंतुकीकरण ही काळजी प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत घ्यायचीच असते, कारण तपासणी न झालेल्या रुग्णालाही संसर्ग असू शकतो. चिठ्ठीने कर्मचारी सुरक्षित होत नाहीत. रुग्ण मात्र गावभर उघडा पडतो.

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, 2017 हा सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्याच्या आठव्या कलमानुसार रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय ही माहिती कुणालाही देता येत नाही. अपवाद मोजके आहेत. उपचारात प्रत्यक्ष सहभागी असलेल्या डॉक्टर-परिचारिकांना गरजेपुरती माहिती देता येते. पण ती केसपेपरमधून, खाटेवरून नव्हे. सख्खा भाऊ म्हणून तुम्हालाही ती त्याच्या संमतीनेच मिळायला हवी होती, हे कटू वाटलं तरी खरं आहे.

आधी चिठ्ठी काढायला लावा. मग भावाला विचारून, त्याच्या सहीने रुग्णालयाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या. वीस किंवा अधिक माणसं असलेल्या आरोग्यसंस्थेत असा अधिकारी नेमणं बंधनकारक आहे. एचआयव्हीच्या कारणावरून उपचार नाकारले किंवा लांबवले, तर राज्याच्या लोकपालाकडे जा. मार्गदर्शनासाठी 1097 ही मोफत हेल्पलाइन आहे. आणि कृपा करून, नातेवाइकांच्या प्रश्नांना त्याच्या वतीने उत्तरं देऊ नका.