ॲलर्जीच्या घरातले उष्टावण

वडिलांना दमा आहे, आत्याने कोळंबी खाल्ली की तिच्या अंगावर गांधी उठतात, थोरल्या भावंडाला तान्हेपणी एक्झिमा होता, अशा घरात बाळाचे उष्टावण जवळ आले की सावधगिरीचे सल्ले सुरू होतात. वर्षभर अंडे नको, दाण्याचे कूट तर तीन वर्षांपर्यंत नकोच. या सल्ल्यांमागची माया मला कळते, पण मायेपोटी दिलेला सल्ला बरोबरच असतो असे नाही. माझे म्हणणे स्पष्ट आहे : कुटुंबात ॲलर्जी असणे हे वरचे अन्न लांबवण्याचे कारण होऊ शकत नाही. सहा महिने पूर्ण झाले की या बाळालाही चारचौघांच्या बाळांसारखे भरवायला लागावे आणि ज्या पदार्थांची धास्ती वाटते, ते पहिल्या वाढदिवसाच्या आत त्याच्या खाण्यात आणावेत.

लांबवण्याचा सल्ला घरच्या वडीलधाऱ्यांनी मनाने काढलेला नाही. तो एके काळी डॉक्टरांनीच दिला होता. ब्रिटनमध्ये १९९८ साली ॲलर्जीच्या कुटुंबांतील मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणे देऊ नयेत असे सरकारी मार्गदर्शन होते. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २००० साली अशाच बाळांसाठी गाईचे दूध एक वर्षापर्यंत, अंडे दोन वर्षांपर्यंत आणि शेंगदाणे, सुकामेवा व मासे तीन वर्षांपर्यंत टाळायला सांगितले. पदार्थ पोटात गेलाच नाही तर ॲलर्जी कशी होईल, हा तर्क पटण्याजोगा होता, पण त्याला पुराव्याचा आधार नव्हता. अमेरिकेने २००८ मध्ये आणि ब्रिटनने २००९ मध्ये हा सल्ला मागे घेतला. २००८ सालीच ब्रिटन आणि इस्रायलमधल्या ज्यू मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. ब्रिटनमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी १.८५ टक्के मुलांना होती, तर इस्रायलमध्ये ०.१७ टक्के. इस्रायलमधली बाळे पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचा खाऊ खात होती, ब्रिटनमधली बहुधा नाही. ही नुसती तुलना होती. कार्यकारणभाव तपासला तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लीप’ या अभ्यासाने. तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळे त्यात होती. निम्म्यांना चार ते अकरा महिन्यांच्या वयापासून शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना तो टाळायला लावला. सुरुवातीची त्वचा-चाचणी कोरी आलेल्या मुलांपैकी टाळणाऱ्यांत १३.७ टक्क्यांना पाचव्या वर्षी ॲलर्जी आढळली, खाणाऱ्यांत फक्त १.९ टक्क्यांना.

असे का घडते, याचे आज सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण त्वचेशी जोडलेले आहे. पोटातून ओळख झालेला पदार्थ शरीर सहसा आपला मानते. तोच फाटलेल्या, सुजलेल्या त्वचेतून आधी शिरला तर त्याच्याशी वैर धरण्याची शक्यता वाढते. २००३ सालच्या एका ब्रिटिश अभ्यासात शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांना आधी शेंगदाणा तेल असलेली मलमे अधिक लावली गेल्याचे आढळले होते. आपल्या घरांत बाळाला डाळीचे पीठ आणि साय लावून, बदाम तेलाने मालिश करून न्हाऊ घालण्याची रीत आहे. निरोगी त्वचेच्या बाळाबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण ज्याचे गाल, कोपरांच्या व गुडघ्यांच्या घड्या लाल आणि खरबरीत आहेत, त्याच्या अंगाला खाण्याचे पदार्थ चोळू नयेत. एक्झिमावर वेळेत उपचार करावेत. आईवडिलांची ॲलर्जी फक्त प्रवृत्ती सांगते, धोका किती मोठा ते बाळाची स्वतःची त्वचा अधिक खात्रीने सांगते. म्हणूनच ‘लीप’मध्ये बाळे घराण्यावरून निवडली नव्हती.

मग चौथ्या महिन्यातच सुरुवात का करू नये, असे कुणी विचारील. सर्वसामान्य बाळांना तिसऱ्या महिन्यापासूनच सहा ॲलर्जीकारक पदार्थ देऊन पाहणारा ‘ईट’ हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बऱ्याच आयांना तो क्रम पाळणे जमले नाही आणि सर्व मुलांचा एकत्र हिशेब केल्यावर फरक ठोस ठरला नाही. त्यामुळे त्वचा ठीक असलेल्या बाळासाठी जागतिक आरोग्य संघटनेची सहा महिन्यांची मर्यादा मोडण्याचे कारण मला दिसत नाही. तीव्र एक्झिमाच्या बाळाची गोष्ट वेगळी : त्याला चौथ्या महिन्यातच बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे, कारण अमेरिकेतील २०१७ च्या मार्गदर्शनानुसार अशा बाळाला आधी तपासून चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान शेंगदाणा देणे हिताचे ठरू शकते. म्हणजे अपवाद आहे तो लवकर सुरू करण्याचा, थांबण्याचा नव्हे.

हे अभ्यास परदेशातल्या मुलांचे आहेत, आपल्याला कसे लागू पडतील, हा आक्षेप रास्त आहे. शेंगदाण्याचे आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत, पण प्रतिकारशक्तीची ही घडण एका देशापुरती नसते. जपानमधल्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक्झिमा असलेल्या बाळांना सहाव्या महिन्यापासून शिजवलेल्या अंड्याची पूड अगदी थोडी-थोडी दिली; वर्षाच्या वयात त्यांच्यातल्या ८ टक्क्यांना अंड्याची ॲलर्जी होती, न दिलेल्यांत ३८ टक्क्यांना. शाकाहारी घराने यासाठी अंडे आणावे असे माझे म्हणणे नाही. जे घरात रोज शिजते, त्याची ओळख वेळेत व्हावी एवढेच. बाळगुटीतून बदाम जातोच, असेही सांगतात. पण गुटी सहाव्या महिन्याच्या आत दिली जाते, किती उगाळले याचा हिशेब नसतो आणि तिच्यातला मध वर्षाच्या आतल्या बाळाला बॉट्युलिझमसारख्या विषबाधेमुळे घातक ठरू शकतो.

आता प्रत्यक्ष भरवण्याचे. मऊ भात, मुगाचे वरण, नाचणीची खीर अंगवळणी पडली की पंधरवड्याभरात पुढचे पदार्थ सुरू करावेत : घट्ट दही, गव्हाची लापशी, पूर्ण उकडलेले अंडे कुस्करून, भाजलेल्या शेंगदाण्याचे अगदी बारीक कूट पेजेत कालवून, तीळ वाटून, काटे काढलेला मासा. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत देऊ नये, तो घशात अडकतो. नवा पदार्थ एका वेळी एकच, बाळ बरे असताना, सकाळच्या वेळी, चमच्याच्या टोकावर सुरू करावा आणि दोन तास लक्ष ठेवावे. टोमॅटो-संत्र्याने तोंडाभोवती येणारी लाली म्हणजे ॲलर्जी नव्हे. पण अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा वारंवार उलटी झाली तर तो पदार्थ थांबवून डॉक्टरांना दाखवावे. श्वासाला घरघर लागली किंवा बाळ मलूल पडले तर क्षणही न दवडता १०८ ला फोन करावा. पदार्थ पचला तर आठवड्यातून दोन-तीनदा देत राहावे, कारण एकदा चाखवून सोडून दिल्याने संरक्षण मिळत नाही. अंगावरचे दूध सुरूच ठेवावे. आईने स्वतःच्या ताटातून दाणे-अंडी वगळल्याने बाळाची ॲलर्जी टळते असा पुरावा नाही. लक्षणे नसताना रक्ताच्या लांबलचक चाचण्याही करू नयेत, कारण अहवालात ‘पॉझिटिव्ह’ आलेला पदार्थ बाळाला अनेकदा व्यवस्थित पचतो आणि तो उगाच बंद होतो. ॲलर्जीच्या घराने काळजी जरूर घ्यावी. ती पहिल्या चमच्याच्या वेळी डोळे उघडे ठेवण्यात असावी, चमचा लांबवण्यात नव्हे.