खरखरीला कान द्या

सप्टेंबर २०२५. सीनेला पूर आला होता. माढा, मोहोळ, करमाळ्याच्या गावांत पाणी शिरल्याच्या बातम्या दिवसभर येत होत्या, आणि मी सोलापुरात घरच्या गॅलरीत हॅम रेडिओचा हँडसेट घेऊन बटण दाबत बसलो होतो. एकदा, दोनदा, दहादा. दरवेळी सेट नकाराचा भोंगा वाजवून गप्प. मोबाइलवर रिपीटरचं पान उघडून पाहिलं, तर तिथं सगळं हिरवं. म्हणजे यंत्राच्या मते यंत्र ठणठणीत होतं. आम्ही सात-आठ वर्षं पदरचे पैसे घालून ते ज्या दिवसासाठी उभं केलं, नेमक्या त्या दिवशी ते मुकं झालं.

मदत कुणी मागितली नव्हती, त्यामुळे आमच्यावाचून कुणाचं अडलं नाही. लाज आमच्यापाशीच राहिली. तरी लिहायला बसलो, कारण हल्ली गावोगावचे नवे हॅम एकच प्रश्न विचारतात : “काका, रिपीटर अ‍ॅनालॉग करू की डिजिटल?” या प्रश्नाचं उत्तर मला पाचव्या मजल्याच्या गच्चीवर, कापलेल्या केबलमधून ठिबकणाऱ्या पाण्यात सापडलं.

आधी थोडी ओळख. हॅम म्हणजे परीक्षा देऊन, केंद्र सरकारचा परवाना घेऊन हौसेनं बिनतारी संपर्क करणारा माणूस. वयाची बारा वर्षं पूर्ण झाली की परीक्षेला बसता येतं. सगळ्यांच्या वापरातला पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झचा. हातातल्या सेटची ताकद पाच वॉट आणि लाटा जवळजवळ सरळ रेषेत जाणाऱ्या, त्यामुळे दोन इमारती आड आल्या की बोलणं संपलं. म्हणून उंचावर रिपीटर बसवायचा. तो एका फ्रीक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी ६०० किलोहर्ट्‌झ बाजूच्या दुसऱ्या फ्रीक्वेन्सीवर जोरात बोलतो.

आता सोलापुरात उंच जागा कुठून आणायची? आपला जिल्हा भाकरीसारखा सपाट. उंच म्हणाल तर गिरण्या-कारखान्यांची धुराडी. त्यातली सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानतळासाठी जून २०२३ मध्ये पाडली गेली. तिच्याकडे आम्ही पूर्वी किती आशेनं पाहिलं होतं! शेवटी एका मित्राच्या पाच मजली इमारतीची गच्ची मिळाली. हिशोब सोपा आहे : उंचीच्या मीटरचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा, क्षितिज किती किलोमीटरवर ते कळतं. आमचा अँटेना जमिनीपासून तीस मीटरवर, म्हणजे साडेबावीस किलोमीटर. ऐकणाऱ्याच्या हातातल्या सेटचे पाच मिळवा. झाले सत्तावीस-अठ्ठावीस. म्हणजे अक्कलकोट हातच्या सेटवर मिळणार नाही, मोहोळही नाही, घरावर अँटेना लावला तरच. तुळजापूरच्या घाटमाथ्यावर जागा मिळाली असती तर चित्र वेगळं असतं. पण जी जागा रात्री दोन वाजता किल्ली मागून उघडता येते, तीच आपली जागा, हे पुढे पटलं.

बहिरा आणि बडबड्या

पहिला रिपीटर अ‍ॅनालॉग होता. जुन्या बाजारातले दोन व्यावसायिक रेडिओ, एक कंट्रोलर, एक डुप्लेक्सर आणि बॅटरी. सुरू केला त्या दिवशी पेढे वाटले. आठवड्यात कळलं की यंत्र बोलतं झकास, पण ऐकत काही नाही. जुळे सोलापूरचा माणूस पोचायचा, होटगीचा नाही.

कारण आकड्यांत आहे. आमचा ट्रान्समीटर पंचवीस वॉटचा. त्याच अँटेनावर ऐकू पाहणाऱ्या रिसीव्हरला जो सिग्नल टिपायचा, तो ०.२ मायक्रोव्होल्टचा. दोन्हींच्या ताकदीत तीनावर सोळा शून्यं इतक्या पटींचा फरक. स्वतः बोंबलत असताना शेजारच्याची कुजबुज ऐकायची, असला हा प्रकार. हे जमवतो डुप्लेक्सर, म्हणजे धातूचे सहा पोकळ डबे. तीन डबे ट्रान्समीटरचा आवाज रिसीव्हरपासून रोखतात, तीन रिसीव्हरच्या बाजूनं पहारा देतात. आम्ही स्वस्तात वापरलेला घेतला. रेल्वेत खरचटू नये म्हणून त्याला चादरीत गुंडाळून बाळासारखा आणला. पण तो लावलेला होता भलत्याच फ्रीक्वेन्सीवर, आणि तो पुन्हा लावायला लागणारं मोजमापाचं यंत्र आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. दोन महिने अंदाजानं डब्यांवरचे दांडे फिरवण्यात गेले. शेवटी तसं यंत्र असलेल्या माणसाकडे पुण्याला नेला. त्यानं एका दुपारी काम संपवलं.

मग उन्हाळा आला. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी हात टेकवत नव्हता. धातू तापला की फुगतो, डब्याची लांबी बदलते, डबा आपल्या फ्रीक्वेन्सीवरून घसरतो. सकाळी बरा असलेला रिपीटर दुपारी तीनला बहिरा. पत्रा पांढरा रंगवला, वर गवताचं छप्पर टाकलं, हवा खेळायला खालून-वरून जाळ्या ठेवल्या, तेव्हा कुठे निभावलं.

तिसरा धडा शहराच्या पूर्व भागातला. तिकडच्या एका यंत्रमागवाल्या सदस्याला आमचा रिपीटर सदा गुरगुरताना ऐकू यायचा. “अण्णा, माग बंद केले की गप्प बसतो बे हा!” तो म्हणाला. जुने स्टार्टर, स्वस्तातले एलईडी दिवे, चार्जर, सगळे हवेत कचरा फेकत असतात. आम्ही टोन लावला, म्हणजे आवाजाखाली दडलेला ठरावीक सूर असेल तरच रिपीटर उघडेल. गुरगुर थांबली. पण टोननं दार लावून घेतलं इतकंच, बाहेरचा कचरा तिथंच राहिला. लांबचा मंद आवाज त्याच्यात बुडायचा तो बुडतच होता. शेवटी गच्चीखालच्या जिन्यातले दोन दिवे बदलले, तेव्हा खरा फरक पडला.

डिजिटलचा मोह

एवढं सगळं सोसून यंत्र रुळावर आलं आणि आम्हाला नवं वेड लागलं. डीएमआर ही डिजिटल पद्धत. मोह पडावा अशीच ती आहे. साडेबारा किलोहर्ट्‌झच्या एकाच वाटेवर तीस-तीस मिलिसेकंदांचे तुकडे आळीपाळीनं पाठवून दोन संभाषणं एकदम चालतात. अ‍ॅनालॉगला एकासाठीच सोळाएक किलोहर्ट्‌झ लागतात. खरखर नाही. बोलणाऱ्याचं नाव-गाव पडद्यावर. इंटरनेटला जोडला की सोलापुरातून दुसऱ्या खंडात गप्पा. रास्पबेरी पायचा छोटा संगणक आणि एक मोडेम घेतला की जुने रेडिओही डिजिटल होतात. जपानच्या हॅम संघटनेची डी-स्टार आहे, येसूची फ्यूजन आहे. प्रत्येकीचे भक्त निराळे, आणि एकीची भाषा दुसरीला कळत नाही.

आम्ही एका रविवारी अ‍ॅनालॉग बंद करून डिजिटल सुरू केलं. अकरा सदस्यांपैकी पाच जणांकडे डिजिटल सेट. उरलेले सहा, त्यात सगळे म्हातारे आणि मोहोळ-अक्कलकोटकडचे निम्मे, एका दिवसात बाहेर. दोघांनी सेट घेतले, पण त्यात टाकायची कोडप्लग नावाची फाइल बनवणं म्हणजे कुंडली मांडणं : कलर कोड, टाइम स्लॉट, टॉकग्रुप, एक अंक चुकला की सेट मुका. हे सगळं जाणणारा आमच्यात एकच मुलगा. त्याला पुण्यात नोकरी लागली. तो गेला, लॅपटॉप गेला, रिपीटरचा पासवर्डही गेला. वीज दोन-चारदा झटक्यानं गेल्यावर संगणकाचं मेमरी कार्ड बसलं, तेव्हा त्याची दुसरी प्रत कुणाकडेच नव्हती; सगळं पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागलं. सकाळचं नेट, म्हणजे रोजची हजेरी, अकरावरून चारवर आलं.

आणि मग तो पावसाळा.

केबलमधलं पाणी

पुराच्या दुसऱ्या दिवशी उघडीप मिळाल्यावर खांबावर माणूस चढवला. अँटेनाजवळच्या कनेक्टरवर मी स्वतः गुंडाळलेली काळी टेप होती, विजेच्या दुकानातली साधी. सोलापूरच्या दोन उन्हाळ्यांत ती पापडासारखी तडकली होती. केबल कापली तर आतली तांब्याची जाळी हिरवीकाळी. टोक खाली धरलं, आणि थेंब थेंब करत बशीभर पाणी निघालं. पाणी वातीतल्या तेलासारखं जाळीतून उतरत खालपर्यंत गेलेलं.

एवढं पाणी एका रात्रीत शिरत नाही. जूनपासून शिरत होतं. मग कुणाला कळलं कसं नाही? मोहोळच्या एका डिजिटल सेटवाल्या मित्राचा आवाज आदल्या आठवड्यापर्यंत खणखणीत होता, हेच उत्तर.

डिजिटलमध्ये आवाजाचे आकडे होतात आणि त्यांच्यासोबत चुका दुरुस्त करायला जादा आकडे जातात. शंभरात तीन-चार चुकले तरी तुम्हाला पत्ता लागत नाही, आवाज स्वच्छच. पाचाच्या आसपास गेले की शब्द तुटतात, माणूस डब्यातून बोलल्यासारखा वाटतो, आणि त्यापुढे शांतता. आमची केबल तीन महिने मरत होती आणि यंत्र ते झाकत होतं. अ‍ॅनालॉग असता तर मोहोळच्या आवाजामागे जुलैत तव्यावरच्या फोडणीएवढी चुरचुर आली असती, ऑगस्टात पावसाएवढी, आणि कुणीतरी म्हटलंच असतं, “लेका, वर जाऊन बघ की.” अ‍ॅनालॉग दुखलं की कण्हतो. डिजिटल हसत हसत बसतो आणि अचानक कोसळतो.

म्हणून डिजिटल वाईट असं मी म्हणत नाही. अ‍ॅनालॉग जिथं खरखरून ऐकवतो, त्या टोकाला डिजिटल शब्द स्वच्छ पोचवतो, हेही अनुभवलंय. फक्त तिथं आजार कानाला कळत नाही, तो आकड्यांत वाचावा लागतो. चुकांचं प्रमाण संगणक नोंदवून ठेवतच होता. ती नोंद आमच्यापैकी एकानंही उघडली नव्हती.

करणाऱ्यांसाठी

पद्धत शेवटी ठरवा. आधी माणसं मोजा : कुणाकडे कोणता सेट आहे? निम्म्यांना बाहेर ठेवणारा रिपीटर कितीही नवा असला तरी तो मागं जाणं आहे. दोन्ही पद्धती चालवणारे मोडेम आता मिळतात. अ‍ॅनालॉग घरचा, डिजिटल पाहुणा, असं ठेवा.

पैशाचा मोठा वाटा अँटेना, केबल आणि डुप्लेक्सरवर घाला, रेडिओ जुना चालेल. बाहेर एन कनेक्टर वापरा. त्यावर स्वतःत एकजीव होणारी रबराची टेप ताणून गुंडाळा, उन्हापासून वाचवायला वरून साधी टेप. केबल खोलीत शिरण्याआधी तिला खाली झोका द्या, म्हणजे पाणी तिथून गळून पडेल. दर मे महिन्यात पावसाळ्याआधी हे सांधे उघडून पाहा.

अर्थिंग कोरड्या मुरमात नुसती सळई ठोकून होत नाही. खड्डा, कोळसा, मीठ आणि उन्हाळ्यात पाणी. खांब, केबलची जाळी आणि खोलीतली यंत्रं एकाच अर्थला जोडा. ती वेगवेगळी ठेवली तर वीज यंत्रातूनच वाट काढते.

बॅटरीचा हिशोब कागदावर करा. आमचा रिपीटर ऐकताना एक अँपिअर घेतो, बोलताना सहा. पाचातला एक भाग बोलला तर सरासरी दोन. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी वापरायची म्हटली तर पंचवीस तास. संगणक आणि राउटरचा एक अँपिअर वाढला की तेच सोळा-सतरा. आणि इंटरनेट गेलं तरी स्थानिक बोलणं चालतं का, हे राउटरची वायर उपटून पाहा. १९९३ मध्ये किल्लारीच्या भूकंपात हॅमनी संदेश पोचवले, तेव्हा इंटरनेट कुठं होतं?

परवान्याच्या अटी वाचूनच रिपीटर उभारा, वाचूनच इंटरनेटला जोडा. हॅमचं बोलणं सांकेतिक करून लपवायचं नसतं. सुरक्षा कंपन्यांकडून आलेल्या जुन्या डिजिटल सेटमध्ये गुप्ततेची सोय चालू असू शकते, ती आधी बंद करा.

पासवर्ड, कोडप्लग, मेमरी कार्डाची प्रत, डुप्लेक्सरच्या दांड्यांच्या खुणा, सगळं दोन माणसांकडे ठेवा, आणि त्यातला एक तरी गाव न सोडणारा असू द्या.

आणि एक वही घाला. आम्ही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हिप्परगा तलावाच्या बांधावर एकाच जागी उभे राहतो, तोच सेट, ताकद अर्ध्या वॉटवर. अ‍ॅनालॉगवर खरखर किती ते शब्दांत लिहितो, डिजिटलवर चुकांचा आकडा. शंभरात एकाच्या आत असेल तर ठीक, तीन झाला की दुसऱ्याच दिवशी वर चढायचं. सोबत अँटेनाकडे जाणारे आणि परतणारे वॉट, आणि बोलत असतानाचे बॅटरीचे व्होल्ट. दहा मिनिटांचं काम आहे.

नवी केबल टाकून आम्ही अ‍ॅनालॉग पुन्हा सुरू केला तेव्हा सकाळच्या नेटला नऊ जण आले. मोहोळचा मित्र शेवटी बोलला. त्याच्या आवाजामागे बारीकशी चुरचुर होती. “नीट ऐकू येतंय का रे?” त्यानं विचारलं. “खरखर आहे थोडी,” मी म्हटलं, आणि वहीत लिहून घेतलं.