जोर मारणाऱ्यांनी उलटं होण्याआधी

आमच्या भालकी, बसवकल्याण, आळंद पट्ट्यात तालमीत वाढलेल्या पोरांचा एक पक्का समज असतो. ज्याला दमाने शंभर जोर निघतात, त्याला भिंतीला पाय लावून उलटे जोर काढायला कितीसा वेळ लागणार? हल्ली मोबाईलवर हँडस्टँड पुशअपचे व्हिडिओ बघून भरतीची तयारी करणारी पोरंही याच भरवशावर भिंतीकडे धावतात. हा समज चुकीचा आहे, आणि त्याची किंमत खांद्याला मोजावी लागते. मी ती मोजली आहे.

कॉलेजात असताना एका शिबिरात शिकवणाऱ्यांनी आम्हा जोर काढणाऱ्यांना वेगळं काढलं, ‘तुम्हाला काय अवघड’ म्हणत भिंतीला उलटं लावलं आणि आकडे मोजायला सुरुवात केली. पहिल्या काही दिवसांत काही वाटलं नाही. मग एका सकाळी उजवा हात शर्टाच्या बाहीत घालताना खांद्यात कळ आली. पुढे फडताळावरचा डबा काढणंही बंद झालं. हात खांद्याच्या रेषेपर्यंत यायचा आणि तिथंच अडायचा. उजव्या कुशीवर झोपता येत नव्हतं. तो खांदा पूर्ववत व्हायला कित्येक महिने गेले.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा कारण कळलं. आपल्या जोरात कंबर वर असते, तिथून छाती जमिनीलगत घासत पुढे जाते आणि वर उठते. परत येताना आपण हात ताठ ठेवून नुसती कंबर मागे उचलतो. म्हणजे हात डोक्याच्या दिशेने वर रेटण्याचं काम जोरात जवळपास होतच नाही. छाती, दंड आणि पाठ तयार होते. डोक्यावर वजन पेलणारा खांदा तसाच राहतो. शिवाय साध्या पुशअपमध्ये शरीराच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भार हातांवर येतो, उलटं झाल्यावर जवळजवळ सगळाच. खांद्याच्या सांध्यावर हाडाचं एक छप्पर आहे आणि त्याच्या खालच्या चिंचोळ्या फटीतून हात उचलणाऱ्या स्नायूची शीर जाते. कोपरं बाहेर फेकून आणि मान खांद्यात घुसवून वजन खाली सोडलं की ती शीर तिथं चेंगरते.

म्हणून कुणालाही उलटं करण्याआधी मी एक गोष्ट बघतो. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, कंबर आणि बरगड्या भिंतीपासून सुटू न देता दोन्ही हात सरळ वर न्यायचे आणि अंगठे भिंतीला टेकवायचे. तुरीची पोती उचलणारा, कुस्ती खेळणारा धिप्पाड गडीही यात अडतो. अंगठे टेकायला गेला की पोट पुढे येतं आणि कंबरेत बाक पडतो. असा माणूस उलटा झाला तर तोच बाक कंबरेच्या मणक्यांवर येणार. त्याने आधी रोज छाती आणि काखेखालचे स्नायू ताणावेत, मनगटं फिरवून आणि तळवे टेकवून मोकळी करावीत. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळून पुढे जाता येत नाही.

त्यानंतर फक्त हातांवर उभं राहणं. भिंतीकडे पाय करून पुशअपच्या स्थितीत यायचं, पाय एकेक करत भिंतीवर चढवायचे आणि हात हळूहळू मागे आणायचे. पोट भिंतीकडे असलं की कंबरेत बाक पडायला जागा राहत नाही. खांदे कानांकडे ढकलून ठेवायचे, बोटांनी जमीन धरायची. याच टप्प्यावर पडायला शिकायचं: तोल गेला तर एक हात उचलून अंगाची कड फिरवायची आणि पाय बाजूला टेकवायचे. ज्याला पडता येत नाही, त्याने पुढे जाऊ नये.

जमीन कुठली, हेही बघा. आमच्याकडे घराघरांत शहाबादी फरशी असते. शहाबाद आमच्याच कलबुर्गी जिल्ह्यातलं. घोटलेली फरशी घामाच्या तळव्याखाली साबणासारखी सटकते. न घोटलेली खडबडीत फरशी, नाहीतर घट्ट बसवलेली चटई घ्या. तालमीच्या हौदातल्या मऊ मातीत तळवा रुततो आणि मनगट वाकडं होतं, तिथं हे करू नका. मनगट दुखत असेल तर बूड रुंद असलेले लाकडी हत्ते वापरा. सुट्या विटा वापरू नका, त्या कलंडतात.

आता खरा जोर. पाय जमिनीवर, कंबर उंच, गुडघे हवे तर किंचित वाकलेले. तालमीतला गडी इथं सवयीने छाती पुढे घासत नेतो. ते करायचं नाही. डोकं तिरकं पुढे, बोटांच्या पलीकडे उतरवायचं, म्हणजे दोन तळवे आणि माथा यांचा त्रिकोण होतो. कोपरं मागे, पायांच्या बाजूला वळली पाहिजेत. आणि ज्या वाटेने डोकं खाली गेलं त्याच वाटेने परत वर आलं पाहिजे. उतरायला तीन-चार सेकंद घ्या. हा पाइक पुशअप पाच-सहा वेळा स्वच्छ निघाला की पाय ओट्यावर किंवा बाकड्यावर ठेवा, कंबर खांद्यांच्या बरोबर वर आणा. या एका पायरीवर महिने गेले तरी चालतील. स्नायू लवकर तयार होतात, शिरा आणि सांधे उशिरा. दुखापती या मधल्या काळातच होतात, कारण ताकद आल्यासारखी वाटत असते.

मग पाठ भिंतीकडे करून पूर्ण उलटं. इथं सगळ्यांचे हात भिंतीच्या फार जवळ पडतात. डोक्याला भिंतीकडे जायला जागाच उरत नाही, ते सरळ दोन हातांच्या मधे येतं आणि कोपरं आपोआप बाहेर फाकतात. हात फूटभर लांब टेकवा. डोक्याखाली तुरीच्या रिकाम्या गोण्यांच्या घड्या रचा, सावकाश उतरा, माथा अलगद लागला की पाय खाली घ्या. मानेवर वजन सोडायचं नाही. खाली येणं ताब्यात आलं की वर रेटणं, आणि मग दर काही आठवड्यांनी एकेक घडी कमी. आठवड्यात तीन दिवस पुष्कळ झाले, आणि शेवटचा जोर वाकडा निघण्याआधी थांबायचं.

कुणाला भिंतीचा आधार कमीपणाचा वाटतो. कोलार जिल्ह्यातल्या बेळ्ळूरला जन्मलेल्या आणि १९३७ मध्ये पुण्यात आलेल्या बी. के. एस. अय्यंगारांनी भिंत, दोर आणि लाकडी ठोकळे वापरूनच जगभरच्या लोकांना आसनं शिकवली. आधार घेऊन अचूक केलेला एक जोर, लटपटत काढलेल्या दहांपेक्षा मोलाचा, असं माझं ठाम मत आहे.

रक्तदाब, काचबिंदू किंवा मानेच्या मणक्यांचा त्रास असलेल्यांनी उलटं होण्याच्या फंदात पडू नये. बाकीच्यांनी स्नायूंचा थकवा आणि सांध्यातली कळ यांतला फरक ओळखावा. थकवा दंडावर, खांद्याच्या गोलाईवर पसरतो आणि एक-दोन दिवसांत जातो. कळ एका बोटाने दाखवता येते आणि हात वर नेताना त्याच जागी परत येते. ती आली की त्या दिवशीच थांबा, तेल चोळत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि तालमीतल्या वस्तादांना, शिबिरं घेणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: पोराला किती जोर निघतात हे विचारण्याआधी त्याचे अंगठे भिंतीला टेकतात का, ते बघा.