अद्भुत कथेतील हिंसा आणि किशोरवाचक : ‘अरेबियन नाइट्स’च्या निमित्ताने

किशोरांच्या हाती कोणते वाङ्मय द्यावे, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा प्रमाणाच्या भाषेत होते. कथेत खून किती, रक्तपाताचे वर्णन किती, यावरून पुस्तक योग्य वा अयोग्य ठरविले जाते. हा निकष अपुरा का पडतो, हे ‘अरेबियन नाइट्स’च्या मराठी रूपांच्या आधारे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी इंग्रजीवरून केलेल्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ १८६१ पासून प्रसिद्ध होऊ लागल्या. पुढे विष्णुशास्त्री यांचाही या कामास हातभार लागला. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात गौरी देशपांडे यांनी रिचर्ड बर्टन यांच्या इंग्रजी भाषांतरावरून सोळा खंडांचा मराठी अनुवाद केला. या दोन टप्प्यांखेरीज तिसरे एक रूप आहे, ते म्हणजे शाळकरी वाचकांसाठी काढलेल्या असंख्य संक्षिप्त आवृत्त्यांचे. आपल्यापैकी बहुतेकांचा या कथांशी पहिला परिचय याच रूपातून होतो, आणि योग्यायोग्यतेची कात्री चालते तीही येथेच.

या ग्रंथाची चौकटकथाच हिंसेवर उभी आहे. पत्नीच्या व्यभिचाराने संतापलेला राजा शहरयार रोज नव्या वधूशी विवाह करतो आणि सकाळी तिचा वध करवितो. वजिराची कन्या शहरजाद स्वतः होऊन ही वधू होते आणि गोष्ट अपुरी ठेवून एकेक रात्र जिंकते. पुष्कळ बालावृत्त्यांत हा भाग सौम्य केलेला किंवा गाळलेला आढळतो. परिणाम असा होतो की, शहरजाद ही केवळ गोष्टीवेल्हाळ राणी उरते. मृत्यूचे सावट काढून घेतले की गोष्ट सांगण्याला कारण उरत नाही, आणि तिच्या धैर्यालाही नाही. येथे हिंसा हा अलंकार नसून कथेचा पाया आहे.

अलीबाबाच्या कथेची स्थिती वेगळी आहे. अंत्वान गालाँ यांना ती १७०९ मध्ये हन्ना दियाब या सीरियन कथनकाराकडून मिळाली. जुन्या अरबी हस्तलिखितांत ती नाही. तीत कासिमच्या देहाचे चार तुकडे होतात, कामात चुकलेल्या दोन चोरांचा शिरच्छेद होतो, बुधल्यांत दडलेल्या सदतीस चोरांवर मर्जिना उकळते तेल ओतते आणि अखेर नृत्य करता करता म्होरक्याला भोसकते. चाळीसांपैकी एकही उरत नाही. ही कथा मात्र बालावृत्त्यांत सर्रास आढळते. त्या सदतीस जणांना चेहरा नाही, नाव नाही. म्हणून त्यांचे मरण वाचकाला बोचत नाही. प्रमाणाच्या निकषाने पाहता अधिक हिंसक ठरणारी कथा स्वीकारली जाते आणि कमी हिंसक चौकटकथा कापली जाते, ही विसंगती विचारात घेण्यासारखी आहे.

नाशिककर वाचकाला याचे उदाहरण दूर शोधावयास नको. ‘नासिका’ शब्दाशी या नगराच्या नावाची सांगड घालणारी लोकव्युत्पत्ती शूर्पणखेच्या विरूपणावर आधारलेली आहे. पंचवटीत येणाऱ्या मुलाला हा प्रसंग कौतुकाने सांगितला जातो. वाल्मीकीच्या अरण्यकांडात राम-लक्ष्मणांनी आरंभी तिची केलेली थट्टा, तिने सीतेवर घेतलेली झेप आणि त्यानंतरची शिक्षा असा क्रम आहे. तोंडी कथनात बहुधा केवळ कापलेले नाक उरते. परंपरेने पावन केलेली हिंसा आपल्याला हिंसा वाटतच नाही.

याउलट याच नगराच्या तुरुंगात १९३३ मध्ये साने गुरुजींनी लिहिलेल्या ‘श्यामची आई’चा विचार करावा. संस्कारक्षम वाङ्मयाचा आदर्श मानल्या गेलेल्या या पुस्तकात मार नाही असे नाही. पोहायला जाण्याचे टाळणाऱ्या श्यामला आई झोडपते. परंतु तो मार आईच्या मनालाही लागतो. वेदनेची किंमत कथेच्या आतच कोणीतरी मोजते.

येथे एक निकष हाती लागतो. हिंसा किती आहे यापेक्षा तिचे मोल कथेत कोण चुकविते, हे पाहिले पाहिजे. ज्याच्यावर आघात होतो त्याला कथा माणूस मानते काय? आघात करणाऱ्यात काही बदल घडतो काय? आणि तो प्रसंग काढला तर कथेचा अर्थ ढासळतो, की केवळ थरार कमी होतो?

अर्थात या निकषाने सारे काही क्षम्य ठरत नाही. बर्टन यांच्या भाषांतरातील कामुक भाग व त्यांवरील टीपा प्रौढांसाठीच आहेत. शिवाय चौकटकथेत स्त्रीजात अविश्वासू असल्याचे गृहीतक आणि काळ्या गुलामांविषयीचा तिरस्कार आहे. त्यात रक्त सांडत नाही, म्हणून ते कात्रीतून सुटते. किशोरवाचकाच्या मनावर त्याचा ठसा कदाचित अधिक खोल उमटत असेल. असे भाग गाळण्यापेक्षा ते वर्गात चर्चेला घेणे अधिक हिताचे, निदान महाविद्यालयाच्या उंबरठ्यावरील वाचकाबाबत तरी.

गोष्ट ऐकता ऐकता शहरयारचा हात थांबतो. हिंसक कथेने हिंसा थोपविल्याचा हा दाखला मुलांपासून लपवून ठेवण्यात आपण नेमके कशाचे रक्षण करतो, हे अध्यापकांनी स्वतःला विचारावयास हवे.